पोटावर रेघा दिसतच नाहीत, मदत हवी आहे (बायकांसाठी)

तिखटमीठ:
सरळ मुद्द्यावर येते. पोट सपाट आहे, पण अ‍ॅब्ज दिसत नाहीत. सिक्स पॅक नकोय मला. मधली उभी रेघ आणि दोन्ही बाजूंच्या कडा दिसल्या तरी पुष्कळ झालं. क्रंचेस, लेग रेझ, प्लँक, सगळं रोज करते. शंभर क्रंचेस न थांबता होतात. खाणं कंट्रोलमध्ये आहे. काट्यावर बॉडी फॅट १९ टक्के येतंय, आणि जिथे तिथे लिहिलेलं असतं की बायकांचे अ‍ॅब्ज २० च्या खाली दिसायला लागतात. मग माझे कुठे अडलेत?
"धीर धर", "आहेस तशी छान आहेस" असं लिहायचं असेल तर कृपया दुसरा धागा बघा. नेमका व्यायाम सांगा.

दोरीवरच्या_उड्या:
वय? उंची? वजन? खाणं कंट्रोलमध्ये म्हणजे नक्की किती? वजनं उचलतेस की सगळं चटईवरच? यातलं काहीच न सांगता नेमकं उत्तर मागतेयस.

पहाटपाखरू:
उपाशीपोटी व्हॅक्युम कर. सगळा श्वास सोडायचा आणि पोट पाठीला चिकटेल इतकं आत खेचायचं. माझी कंबर फक्त याने आत गेली. बाकीचं सोडून दे सगळं.

लोखंडप्रेमी:
व्हॅक्युमने काम होतं ते ट्रान्सव्हर्सचं, म्हणजे पोटाच्या सगळ्यात आतल्या आडव्या स्नायूचं. तो कितीही कमावला तरी बाहेरून दिसायचा नाही. दिसतो तो रेक्टस अ‍ॅब्डोमिनिस. बरगड्यांपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन उभे पट्टे, आणि त्यांना मध्ये मध्ये आडव्या चिवट पट्ट्यांनी बांधलेलं. स्नायू जाड झाला की त्या पट्ट्यांच्या मधला भाग वर येतो, त्यालाच आपण पॅक म्हणतो. आता ते चार दिसणार की सहा, समोरासमोर येणार की वरखाली, हे जन्माबरोबर ठरलेलं असतं, त्यावर डोकं आपटू नका.
@तिखटमीठ, शंभर क्रंचेस होतात म्हणजे ते तुम्हाला फार हलके झालेत. दहा-पंधरातच पोटाचे स्नायू भरून येतील इतकं वजन घ्या. केबल क्रंच करा, बारला लटकून पाय वर घ्या, आठवड्यातून दोन-तीनदा. रोज कोण दंड मारतं? मग पोटालाच रोजची शिक्षा का?

पहाटपाखरू:
मी माझा अनुभव सांगितला. प्रत्येकीकडे केबल मशीन नसतं.

लोखंडप्रेमी:
छातीशी डंबेल धरा. तेही नसेल तर भरलेली सॅक धरा. लोखंडच पाहिजे असं माझं आयडी म्हणतं, मी नाही.

खडूस_काकू:
बायकांच्या शरीराला चरबी लागते, निसर्गाने उगाच दिलेली नाही. पुरुषाचं किमान २ ते ५ टक्क्यांत भागतं, बाईला नुसतं शरीर नीट चालायला १० ते १३ टक्के लागते. हे कळल्यावरही रेघा हव्यातच का, असा प्रश्न पडला.

तिखटमीठ:
काकू, मी १९ वर आहे, १० वर नाही. आणि "का" हा धाग्याचा विषय नाही.
३४, १६० सेंमी, ५४ किलो. १२०० कॅलरीज, मोजून. आठवड्यातून चारदा पळते. वजनं नाही उचलत, मला जाड व्हायचं नाहीये. झालं समाधान?

लोखंडप्रेमी:
जाड व्हायचं नाहीये. 🙏

काटेकोर:
तो १९ चा आकडा घरच्या काट्याचा आहे ना, पायाखाली धातूच्या चकत्या असलेल्या? मग तो विसरून जा. असा काटा एका पायातून बारीक वीज सोडतो, ती दुसऱ्या पायातून बाहेर येते, आणि वाटेत किती अडथळा झाला त्यावरून अंदाज बांधतो. म्हणजे वीज फिरली मुख्यतः पायांत आणि आकडा मिळाला अख्ख्या शरीराचा. पोटावर काय आहे ते त्याला कुठून कळणार? पाणी कमी-जास्त प्यालात, नुकतंच पळून आलात, तरी आकडा हलतो. टेप घ्या, बेंबीच्या पातळीला माप घ्या, एकाच उजेडात फोटो काढा. शिवाय "२० च्या खाली" हा काही कायदा नाही. कोणाची चरबी मांड्यांवर जास्त, तिचे २२ लाही दिसतात. कोणाची पोटावर, तिला १८ लाही काही दिसत नाही.

सोळा_आठ:
इंटरमिटंट करा. १६ तास उपास, ८ तासांत खाणं. पोटाची चरबी आधी जाते.

काटेकोर:
पोटाची आधी जाते, हे कुठे वाचलंत? एकूण कॅलरीज तेवढ्याच असतील तर वेळ बदलून विशेष काही होत नाही. आणि बऱ्याच जणींची बेंबीखालची उलट उशिरा हलते.

सोळा_आठ:
माझी गेली.

काटेकोर:
कमी खाल्लंत म्हणून गेली.

साधा_माणूस:
माझ्या लहान भावाचंही पोट सुटलंय, त्याने कुठून सुरुवात करावी?

मानसी_फिजिओ:
@तिखटमीठ, दोन प्रश्न. बाळंतपण झालंय का? आणि क्रंच करताना, डोकं वर उचलल्याबरोबर, पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येतो का?

तिखटमीठ:
हो, मुलगी अडीच वर्षांची आहे. पण पोट तर केव्हाच उतरलं, म्हणून लिहिलं नाही. उंचवटा येतो ना, छातीच्या खालपासून बेंबीच्या खालपर्यंत. तोच तर कायम दिसायला हवाय मला.

दोरीवरच्या_उड्या:
अगं बाई, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं!

मानसी_फिजिओ:
तो उंचवटा म्हणजे स्नायू नाही. रेक्टसच्या दोन पट्ट्यांना मध्ये जोडणारी एक पट्टी असते, लिनिया अल्बा. गरोदरपणात ती ताणून रुंद होते. बऱ्याच जणींची पहिल्या दोन-अडीच महिन्यांत पुष्कळशी जवळ येते, काहींची राहून जाते. याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. पोट आवळलं की आतला दाब त्या सैल पट्टीला बाहेर ढकलतो आणि कौलारू छपराच्या आढ्यासारखा उंचवटा दिसतो. तुम्हाला हवी असलेली रेघ म्हणजे त्याच जागची खाच. खाच हवी तिथे उंचवटा येतोय, त्यामुळे वाढवून क्रंचेस करण्यात अर्थ नाही.
घरी बघायचं असेल तर उताणं झोपा, गुडघे दुमडलेले. बोटं शेजारी शेजारी, टोकं पायांकडे करून बेंबीवर ठेवा, खांदे जेमतेम सुटतील इतकंच डोकं उचला. दोन कडांच्या मध्ये किती बोटं बसतात ते बघा. मग बेंबीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे तेच. रुंदीपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते बोटांखाली काय लागतं. ताठ पडदा लागला तर बरं, बोट आत बुडत गेलं तर आधी त्यावर काम.

लोखंडप्रेमी:
म्हणजे क्रंचेस बंद? ही भीती उगाच पसरवतात असं मी वाचलंय. क्रंच करताना ते अंतर उलट कमी होतं म्हणे.

मानसी_फिजिओ:
बरोबर वाचलंत, अंतर कमीच होतं. पण मधली पट्टी सैल असेल तर ती त्या वेळी चुरगळते. आधी आतला ट्रान्सव्हर्स आवळून मग डोकं उचललं तर अंतर थोडं जास्त राहतं, पण पट्टी ताठ राहते. क्रंच कायमचा वर्ज्य नाही. उंचवटा न येता जेवढं जमेल तेवढंच करायचं, आणि जोर लावताना श्वास सोडायचा. डेड बग (उताणं झोपून हात-पाय वर धरायचे आणि एकेक पाय खाली न्यायचा) आणि टाच सरकवणे यापासून सुरुवात करा. प्लँकला हात उंचावर टेकवा.

पहाटपाखरू:
ट्रान्सव्हर्स! मी दुसऱ्याच प्रतिसादात काय सांगत होते?

लोखंडप्रेमी:
तुम्ही बाकी सगळं सोडायला सांगत होता.

निळी_छत्री:
वेगळं विचारते. पाळी वेळेवर येते का?

तिखटमीठ:
आता ही कुठून आली मध्येच? चुकते कधी कधी. धावपळीने होतं तसं.

निळी_छत्री:
मध्येच नाही आली. १६० सेंमी, ५४ किलो, आठवड्यातून चारदा पळणं आणि वर १२०० कॅलरीज. शरीराला रोजचा कारभार चालवायला उरतंय काय? पुरेशी ऊर्जा मिळाली नाही की ते आधी पाळीच्या खर्चाला कात्री लावतं. इंटरनॅशनल ऑलिम्पिक कमिटीने २०१४ साली याला रेड-एस असं नाव दिलं. हाडांवर परिणाम होतो, आणि तो लगेच दिसत नाही. थायरॉइड किंवा पीसीओएसही असू शकतं, म्हणून अंदाज न बांधता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. आणि एवढ्या कमी खाण्यावर स्नायू बनत नाही, रेघ कुठून यायची?

लोखंडप्रेमी:
+१. तुमच्याकडे घालवायला चरबी फारशी नसेलच. काही महिने खाणं वाढवा, वजनाच्या किलोमागे दीड-पावणेदोन ग्रॅम प्रोटीन, पळणं कमी, स्क्वॅट-डेडलिफ्ट सुरू. जाड होण्याची भीती सोडा. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं की ठरवूनही पटकन होता येत नाही. चरबीचं नंतर बघू, तेही आठवड्याला वजनाच्या अर्धा टक्का या बेताने.

मानसी_फिजिओ:
डेडलिफ्ट मध्यभाग बघितल्यावर, हलक्यापासून. आणि हो, पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं. त्या आठवड्यातले फोटो आधीच्या आठवड्याशी ताडून बघू नका.

खडूस_काकू:
प्रतिसाद काढून टाकला आहे.

तिखटमीठ:
बघितलं झोपून. बेंबीवर अडीच बोटं, वर दोन, खाली एक. बोट बुडत नाही, खाली ताठ लागतं. खाणं लगेच वाढवणं मला जमेलसं वाटत नाही, आधी डॉक्टर काय म्हणतात ते बघते. अपॉइंटमेंट घेतली आहे. डेड बग करताना पाय किती खाली न्यायचा? मला पूर्ण जमिनीपर्यंत जातो.

मानसी_फिजिओ:
ताठ लागतंय म्हणजे चांगलं आहे. जमिनीपर्यंत जातो, पण कंबर उचलली जाते का ते बघा. कंबरेखाली तळहात सरकवा. पाय नेताना हाताखाली पोकळी झाली की तिथेच थांबायचं, तेवढंच तुमचं आजचं अंतर. आणि एकदा कुणा फिजिओकडून प्रत्यक्ष तपासून घ्याच, इथून मला फक्त तुमचे शब्द दिसतात.

तिखटमीठ:
पोकळी होते. अर्ध्यातच. ओके.

साधा_माणूस:
ती बोटांची टेस्ट भावाने केली तर चालेल का?

मानसी_फिजिओ:
पुरुषांनाही होतं हे. करू द्या. पण तुमचा धागा वेगळा काढा.

साधा_माणूस:
काढला.