पाळीच्या दुखण्यासाठी दुर्बिणीतून ऑपरेशन केलंय का कोणी?

मोगरा२७:
वय २७, लग्न झालेलं नाही. पाळीचे पहिले दोन दिवस ऑफिसला जाताच येत नाही. मेफ्टाल स्पास आता पुरत नाही. शौचाला बसलं तरी आतून कळ येते. सोनोग्राफी नॉर्मल. एक डॉक्टर म्हणतात क्युरेटिंग करून पिशवी साफ करू, दुसऱ्या म्हणतात दुर्बिणीतून बघू. आई म्हणते, लग्न झालं की थांबेल. काय करू?

कऱ्हाकाठ:
मोगरा, क्युरेटिंगची घाई करू नकोस गं. मी २०१६ मध्ये करून घेतलं. दोन पाळ्या बऱ्या गेल्या, तिसऱ्या वेळी पुन्हा गडाबडा लोळले. तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती, म्हणजे लग्नाने काही थांबलं नाही.

क्युरेटिंगमध्ये पिशवीचं आतलं अस्तर खरवडतात. मला निघालं एंडोमेट्रिओसिस. त्यात अस्तरासारख्या पेशी पिशवीच्या बाहेर वाढतात, अंडाशयावर, आतड्याजवळ. आतून कितीही खरवडलं तरी बाहेरच्याला हात कसा लागणार? आणि सोनोग्राफीचं म्हणशील तर माझीही दोनदा नॉर्मल होती. चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयात जुनं रक्त साठून झालेली गाठ, असली तर दिसते, बारीक ठिपके बहुतेकदा दिसत नाहीत.

२०१८ मध्ये दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. पूर्ण भूल, बेंबीत एक छेद, खाली दोन. शुद्धीवर आले तर पोटापेक्षा उजवा खांदाच ठणकत होता. आधी कोणी सांगितलं नव्हतं, फार घाबरले. पोट फुगवायला गॅस भरतात, त्याने होतं ते, दोन दिवसांत गेलं. मग डॉक्टरांनी आतले फोटो दाखवले. पिशवीच्या मागे काळपट ठिपके, करपलेल्या भाकरीवर असतात ना, तसेच. ते बघून मी रडले. इतकी वर्षं सगळे म्हणत होते, तुला सोसवत नाही.

होकार देण्याआधी विचार: ठिपके जाळणार की कापून काढणार? तुकडा तपासायला पाठवणार का? पुन्हा वाढू नये म्हणून पुढे काय? मला डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मि.ग्रॅ. रोज दिली. हल्ली बरेच डॉक्टर आधी अशी गोळीच देऊन बघतात आणि फरक पडला नाही तरच ऑपरेशन करतात. तेही विचार.

अबोली:
माझ्या जावेचं तांबी बसवल्यावर दुखणं वाढलं होतं. आता डॉक्टर तिला मिरेना सांगतायत. तीही तांबीच ना?

कऱ्हाकाठ:
नाही अबोलीताई. तांबीने रक्तस्राव आणि दुखणं वाढू शकतं. मिरेनातून पिशवीत हार्मोन सुटतं, अस्तर पातळ होतं, बऱ्याच जणींचं दुखणं कमी होतं. सुरुवातीचे काही महिने मधेमधे डाग लागतात, तेवढी तयारी ठेवायला सांगा.

मोगरा, शौचाच्या वेळची कळ डॉक्टरांना सांगितलीस का?

मोगरा२७:
नाही ताई, लाज वाटली.

कऱ्हाकाठ:
आधी तेच सांग. आतड्याजवळ काही आहे का, याचा त्यावरून त्यांना अंदाज येतो. मग कदाचित एमआरआय सांगतील, ऑपरेशनची तयारी वेगळी करतील.

मोगरा२७:
सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे जातेय. कागदावर लिहूनच नेते, आणि आईलाही सोबत नेते.