मदत हवी आहे: अमेरिकेतील ट्रक कंपनीचे सेफ्टी रेटिंग ‘कंडिशनल’वरून वर कसे आणावे?

मांजलपूर_रात्रपाळी
नमस्कार. मी बडोद्यात बसून एका अमेरिकी ट्रक कंपनीचे सेफ्टीचे काम रात्रपाळीत पाहते. तपासणीनंतर कंपनीला ‘कंडिशनल’ (त्रुटी आढळल्याचे, मधले) रेटिंग मिळाले असून काही ब्रोकरांनी माल देणे थांबवले आहे, आणि विम्याचे नूतनीकरणही तोंडावर आले आहे. रस्त्यावरील तपासण्यांतल्या चुकीच्या नोंदींवर आम्ही डेटाक्यूजमध्ये (अशा नोंदींवर हरकत घेण्याच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत) हरकती घेतल्या. त्यांतील काही मान्यही झाल्या, तरी रेटिंग जागचे हललेले नाही. नेमका अर्ज कोठे आणि कशाच्या आधारावर करावा, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे. चालक जुने आणि भरवशाचे आहेत, त्यांची रोजीरोटी यावर अवलंबून आहे, म्हणून घाई आहे.

दूरदेशी_बडोदेकर
ताई, आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र धरल्या आहेत. सीएसएचे (तिकडच्या सरकारी ट्रक-सुरक्षा कार्यक्रमाचे) स्कोअर मागील 24 महिन्यांच्या तपासण्या आणि अपघात यांवरून दरमहा नव्याने काढले जातात, आणि त्यांत अलीकडच्या 6 महिन्यांतील दोषाला तिप्पट वजन असते. डेटाक्यूजचा परिणाम तेथे दिसतो. सेफ्टी रेटिंग मात्र एफएमसीएसएच्या (ट्रक-सुरक्षा पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या) तपासनिसाने कंपनीची कागदपत्रे पाहून दिलेले असते, त्यामुळे ते महिने उलटल्याने आपोआप बदलत नाही. पत्रात कोणत्या भागाचे उल्लंघन लिहिले आहे? पत्राची तारीख काय? धोकादायक माल वाहता का? एवढे कळल्याशिवाय कोणीही दिलेला सल्ला हवेतला ठरेल.

राजवाडा_इंदूर
आमचा इंदूरमध्ये वडिलांपासूनचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. माझ्या मते पाया वाहनाच्या फिटनेसचा. आपल्याकडे 8 वर्षांपर्यंतच्या मालवाहू वाहनाला 2 वर्षांचे आणि त्यापुढे दर वर्षाचे प्रमाणपत्र लागते. ते वेळेवर घ्या, वेगनियंत्रक 80 वर बसवलेला आहे ना ते पाहा, आणि टायरची नोंदवही ठेवा. एवढे नीट असले की कोणताही तपासनीस बोट ठेवू शकत नाही.

लष्कर_ग्वाल्हेर
राजवाडा, आपला सल्ला भारतातील गाड्यांना लागू आहे, पण प्रश्न तिकडच्या रेटिंगचा आहे. ताई, मी पूर्वी याच प्रकारचे काम केले आहे. सर्व ट्रकांत कॅमेरे बसवा. चालकाचे वर्तन कॅमेऱ्याइतके दुसऱ्या कशानेच सुधारत नाही, आणि विमा कंपनीलाही तो पुरावा पटतो.

मांजलपूर_रात्रपाळी
धोकादायक माल नाही. पत्रात भाग 395, म्हणजे कामाच्या तासांचे उल्लंघन आहे: लॉग (चालकाच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळांच्या नोंदी) खोटे असल्याचा ठपका. वाहन, विमा, मादक पदार्थ चाचण्या यांत काहीही निघालेले नाही. एका भागासाठी संपूर्ण कंपनीचे रेटिंग कसे उतरते, हेच मालकांना पटत नाही.

दूरदेशी_बडोदेकर
आता उलगडा झाला. रेटिंग वेगवेगळ्या विषयांच्या घटकांवरून ठरते. एखाद्या घटकात गंभीर उल्लंघनांचा क्रम, म्हणजे तोच दोष वारंवार, आढळला की त्या घटकाला सहसा 1 दोषगुण लागतो आणि घटक ‘कंडिशनल’ होतो, परंतु भाग 395 मधील अशा क्रमाला 2 दोषगुण लागतात, त्यामुळे तो घटक थेट ‘अनसॅटिसफॅक्टरी’ (असमाधानकारक) होतो. असा एक घटक असला की बाकी सर्व चोख असूनही एकूण रेटिंग ‘कंडिशनल’च येते. त्यामुळे कॅमेऱ्यांवर आत्ता पैसे घालवू नका. ते चांगलेच असतात, पण या दोषाला ते उत्तर नाही. नियम 385.17 खाली सुधारणा केल्याच्या पुराव्यासह एफएमसीएसएच्या आपल्या विभागातील सेवा केंद्राकडे लेखी अर्ज करायचा असतो.

लष्कर_ग्वाल्हेर
मग त्याआधी लॉग दुरुस्त करून घ्या. ऑफिसमधूनही बदल सुचवता येतो आणि जुन्या नोंदी एकसारख्या झाल्या की अर्ज मजबूत दिसतो.

दूरदेशी_बडोदेकर
हे कृपया कोणीही करू नये. ऑफिसने सुचवलेला बदल चालकाने मान्य करून पुन्हा प्रमाणित करावा लागतो, मूळ नोंद ईएलडीत (ट्रकमधील इलेक्ट्रॉनिक लॉग यंत्रात) तशीच राहते, आणि यंत्राने आपोआप टिपलेली ड्रायव्हिंगची वेळ विश्रांतीत बदलता येत नाही. ज्या आरोपावरून रेटिंग गेले, तोच आरोप आपण स्वतःच्या हाताने सिद्ध करून द्याल. शिवाय ट्रक चालवण्याची 11 तासांची मर्यादा झोप न झालेल्या माणसाला स्टीअरिंगपासून दूर ठेवण्यासाठी आहे. हे काम कागद सजवण्याचे नाही.

चाकोरीबाहेर
एक बारीक गोष्ट तपासा. ईएलडीवर वेळ कंपनीच्या मूळ तळाच्या टाइम झोनप्रमाणे असते, तर डिझेलच्या पावतीवर पंपाच्या गावची. टेक्ससमधील अमरिलो सेंट्रल वेळेत आहे आणि त्याच आय-40 महामार्गावरचे न्यू मेक्सिकोतील टुकुमकारी माउंटन वेळेत. तळ सेंट्रल वेळेतला असेल, तर चालकाने रात्री 3 वाजता टुकुमकारीला डिझेल भरल्याची नोंद लॉगवर असेल आणि पावतीवर 2 वाजलेले असतील. लॉगप्रमाणे 2 वाजता तो ट्रक चालवत होता. पावती आणि लॉग नुसते शेजारी ठेवले, तर प्रामाणिक लॉग खोटा वाटतो. तपासनिसाने खोटे ठरवलेला प्रत्येक लॉग या नजरेने पाहा.

दूरदेशी_बडोदेकर
हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. तपासलेल्या नोंदींपैकी किमान 10 टक्क्यांत दोष आढळला तरच तो ‘क्रम’ ठरतो. 150 लॉग पाहिले असतील तर 15 दोष लागतात. टाइम झोनमुळे चुकीने मोजलेले वगळून संख्या त्याखाली आली, तर तपासणीतच चूक झाली असे म्हणून नियम 385.15 खाली फेरविचार मागता येतो, मात्र त्याला 90 दिवसांची मुदत आहे. म्हणून तारीख पुन्हा विचारतो.

मांजलपूर_रात्रपाळी
पत्र मागच्या महिन्यातले आहे, म्हणजे मुदत शिल्लक आहे. यादीतील काही लॉग आत्ताच काढून पाहिले. त्यांतील दोन पावत्या खरोखरच माउंटन वेळेतल्या आहेत, पण काही ठिकाणी चालक विश्रांतीत दाखवला असताना पावती दूरच्या गावाची आहे, आणि तेथे एका तासाने काहीच जुळत नाही. अशा लॉगांचे काय करावे?

दूरदेशी_बडोदेकर
ते खोटेच धरा आणि 385.17 खालच्या सुधारणेच्या अर्जात तसे स्पष्ट लिहा. कारण शोधा: डिस्पॅचरने (फेऱ्या ठरवून देणाऱ्याने) दिलेली वेळ मुळात कामाच्या दिवसाच्या 14 तासांच्या मर्यादेत बसणारी होती का? बहुतेकदा दोष चालकाच्या आधी तेथे असतो. यापुढे लॉग, डिझेलच्या पावत्या आणि माल उतरवल्याच्या वेळा दर आठवड्याला कोण ताडून पाहणार, विसंगती आढळल्यास काय कारवाई होणार, चालक आणि डिस्पॅचर या दोघांना काय शिकवले, हे लिहून नव्या पद्धतीनंतरचे खरे लॉग आणि त्यांच्या पावत्या सोबत जोडा. अर्जावर मालकांची सही हवी. फेरविचाराचा अर्ज वेगळा ठेवा. त्यात फक्त टाइम झोनचे लॉग घाला, बाकीचे नकोत.

मांजलपूर_रात्रपाळी
आभारी आहे. आज रात्रीच मालकांशी डिस्पॅचच्या वेळांबद्दल बोलते आणि संपूर्ण यादी टाइम झोननुसार पुन्हा मोजते. एकूण किती लॉग तपासले गेले हे अहवालात आहे. 10 टक्क्यांचा हिशेब झाला की येथेच कळवते.