मदत हवी आहे: ओव्हरड्राफ्ट असताना बँक बदलता येते का?

यूकेतल्या जाणकारांना विचारतेय. मी लहानपणापासून लेस्टरलाच, यंदा पदवी झाली. स्टुडंट अकाउंटवरचा १,२०० पौंडांचा बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक नसतानाही काढता येणारी रक्कम, पार वापरून बसलेय (बराचसा घरभाड्यात गेला, थोडा मौजमजेत, खोटं कशाला बोलू). आता बँकेचं पत्र आलंय: खातं साधं होणार, म्हणजे ४० टक्क्यांच्या आसपास व्याज!

दुसरीकडे ग्रॅज्युएट अकाउंट उघडलं तर व्याज नाही, फक्त बिनव्याजी ओव्हरड्राफ्टची मर्यादा दरवर्षी उतरत जाते. स्विच सर्व्हिसने खातं कामाच्या ७ दिवसांत हलतं, इथवर कळलं. पण नव्या बँकेने ५०० पौंडच मंजूर केले, तर उरलेले ७०० जुन्या बँकेत आधी भरावे लागतात का? पहिला पगार यायला अजून महिना आहे, आणि बाबांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. असं कोणी केलंय का?