बाइटविंगवर एआय उगाच कीड दाखवतंय, दोष सॉफ्टवेअरचा की आपल्या फिल्मचा?

दादरचा_दंतवैद्य
क्लिनिकमध्ये साइज २ चा आरव्हीजी (डिजिटल एक्स-रे) सेन्सर आहे. सध्या एका कंपनीचं एआय सॉफ्टवेअर ट्रायलवर आहे. बाइटविंग (वरच्या-खालच्या दाढांचा एकत्र एक्स-रे) टाकली की प्रीमोलरच्या (लहान दाढेच्या) मानेजवळ, म्हणजे हिरडीलगत, हमखास किडीची लाल चौकट येते. तोंडात बघावं तर दात धड. उलट जुन्या चांदीच्या फिलिंगखालची कीड त्याला दिसत नाही. इमेज जेपीजी करून अपलोड करतो. चुकतंय कुठे? आणि विकत घेण्याआधी याची परीक्षा कशी घ्यावी?

क्ष_किरण_परळ
मानेजवळचं ते बहुतेक सर्व्हायकल बर्नआउट, म्हणजे किडीसारखा भासणारा काळा डाग. वर इनॅमल (दाताचं कठीण आवरण), खाली हाड. मधल्या पट्ट्यात किरण अडवायला फारसं काही नसतं, म्हणून तिथे काळं दिसतं. खूण अशी: डाग पाचरीसारखा, कडा धूसर, आणि आडवा कोन थोडा बदलून फिल्म काढली की आकार बदलतो किंवा डाग नाहीसाच होतो. खऱ्या रूट कॅरीजमध्ये (मुळाच्या किडीत) मुळाची कड तुटलेली असते आणि प्रोबला (तपासायच्या सुईला) मऊ लागतं. दोन दातांमधली नेहमीची कीड कॉन्टॅक्टच्या (दात एकमेकांना टेकतात त्या जागेच्या) लगेच खाली सुरू होते, हिरडीच्या पातळीला नाही. एक्स्पोजर जास्त झालं की बर्नआउट आणखी गडद होतं, तेव्हा आधी टायमर एक पायरी खाली आणून बघा.

आता जेपीजी. सेन्सर १२ बिट (म्हणजे ४०९६ छटा) किंवा त्याहून जास्त देतो, जेपीजीत २५६ छटा उरतात. त्यात आरव्हीजी सॉफ्टवेअरचा शार्पनिंग फिल्टर चालू असेल तर फिलिंगच्या कडेला काळी रेघ उमटते आणि मॉडेल तिला कीड समजतं. फिल्टर बंद करून डायकॉम (वैद्यकीय इमेजचा फॉरमॅट) एक्स्पोर्ट करा. स्क्रीनशॉट किंवा व्हॉट्सॅपवरून आलेली इमेज तर टाकूच नका.

चांदीखालचं सुटतं यात सॉफ्टवेअरचा दोष थोडाच. धातूच्या मागे जे झाकलं गेलं ते फिल्मवर आलेलंच नसतं.

कोनाकडेही बघा: होल्डर वापरा, उभा कोन साधारण +५ ते +१० अंश. शेजारच्या दातांचं इनॅमल एकमेकांवर चढलेलं असेल तर ती फिल्म एआयला देऊ नका, परत काढायची की नाही ते गरजेप्रमाणे ठरवा.

पवई_मॉडेलवाला
परीक्षेबद्दल. मोजणी फिल्मची नको, दाताच्या बाजूंची करा. एका बाइटविंगवर साधारण ८ दात, म्हणजे १६ बाजू. त्यातली एक किडलेली धरा. सगळ्याच धड म्हणणारं सॉफ्टवेअरही १६ पैकी १५ बरोबर सांगेल, म्हणजे अचूकता जवळपास ९४ टक्के! त्यामुळे माहितीपत्रकातल्या 'अचूकते'ला काही अर्थ नाही. सेन्सिटिव्हिटी (किडलेल्यांपैकी किती पकडल्या) आणि स्पेसिफिसिटी (धड असलेल्यांपैकी किती धड सांगितल्या) वेगवेगळी मागा, तीही इनॅमलपुरती कीड आणि डेंटिनपर्यंत (इनॅमलखालच्या थरापर्यंत) गेलेली कीड अशी वेगळी. स्पेसिफिसिटी ९५ टक्के असली तरी १५ धड बाजूंमागे सरासरी पाऊण खोटी चौकट, म्हणजे दर चार फिल्मला तीन. तुमची तक्रार यातच असू शकते.

तुमच्याच सेन्सरच्या फिल्म घ्या, दोन डॉक्टरांनी एआय न बघता स्वतंत्र खुणा कराव्यात, मतभेद तिसऱ्याने सोडवावा, मग ताडून बघा. थ्रेशोल्ड (किती खात्री असेल तर चौकट दाखवायची ती मर्यादा) बदलता येतो का विचारा. वर नेला की खोट्या चौकटी घटतात, पण सुरुवातीची कीडही निसटते. एक प्रश्न कंपनीला जरूर टाका: मॉडेल शिकवायच्या (ट्रेनिंग) आणि तपासायच्या (टेस्ट) फिल्मची विभागणी पेशंटनुसार केली होती का? एकाच पेशंटची डावी फिल्म ट्रेनिंगमध्ये आणि उजवी टेस्टमध्ये गेली असेल तर आकडे फुगलेले असतात.

दादरचा_दंतवैद्य
धन्यवाद दोघांना. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) टाकला तर चालेल का? त्यात सगळेच दात एकदम येतात.

क्ष_किरण_परळ
कीड शोधायला नको. ओपीजीत प्रीमोलर एकमेकांवर चढतात, पुढच्या दातांवर मणक्याची सावली येते आणि प्रतिमा साधारण २० ते ३० टक्के मोठी दिसते. हाडाची झीज एआयने मिलिमीटरमध्ये दिली तर ती धरू नका. खालच्या प्रीमोलरच्या टोकाशी चौकट आली तर आधी मेंटल फोरामेन (जबड्यातलं नसेचं नैसर्गिक छिद्र) आठवा: लॅमिना ड्युरा (मुळाभोवतीची हाडाची पांढरी रेघ) अखंड दिसत असेल आणि दात व्हायटल (आतली नस जिवंत) असेल तर रूट कॅनलची घाई नको.

गिरगाव_ओपीडी
दोन गोष्टी राहिल्या. रोगनिदान करणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणात मोडतं, तेव्हा वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खालचा लायसन्स नंबर मागा आणि तो नेमक्या कोणत्या वापरासाठी आहे ते वाचा. एक्स-रे मशीनची एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) नोंदणी वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही. क्लाउडवर पाठवण्याआधी डायकॉम हेडरमधलं (फाइलसोबतच्या माहितीतलं) पेशंटचं नाव काढा; काही ठिकाणी ते इमेजच्या कोपऱ्यातही छापलेलं असतं, हेडर पुसून ते जात नाही.

आणि पेशंटला स्क्रीन दाखवताना चौकटी बंद ठेवा. विक्रेते नेमकं उलटं शिकवतात. इनॅमलपुरत्या किडीला बऱ्याचदा फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप) आणि पुढच्या खेपेची बाइटविंग पुरते, पण लाल चौकट एकदा दिसली की पेशंटच म्हणतो, 'डॉक्टर, भरूनच टाका.'