अडीच वर्षांच्या मुलीबरोबर चित्रपुस्तक वाचताना मजकूर पूर्ण वाचावा का?

रेवाची आई (बेंगळुरू)

नमस्कार. माझी मुलगी रेवा अडीच वर्षांची आहे. घरात आम्ही मराठी बोलतो. पाळणाघरात तिच्या कानावर कन्नड आणि थोडे इंग्रजी पडते. मराठीची गोडी लागावी म्हणून ती सव्वा वर्षाची असल्यापासून मी रोज रात्री तिला मांडीवर घेऊन चित्रांचे पुस्तक वाचते. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र आमचे वाचन पुढेच सरकत नाही. मी पहिले वाक्य संपवण्याआधी ती पान उलटते, नाहीतर एकाच पानावर अशी अडून बसते की पुढे जाऊ देत नाही.

कालचीच गोष्ट सांगते. पुस्तकात भाजीबाजाराचे चित्र होते आणि खाली मजकूर एवढाच की आजी आणि नात वांगी घ्यायला थांबल्या. रेवाचे लक्ष ना आजीकडे होते, ना वांग्यांकडे. भाजीवालीच्या पाठीमागे, अगदी कोपऱ्यात, एक शेळी कोथिंबिरीच्या जुडीला तोंड लावत होती, तिच्यावर रेवाने बोट ठेवले. हे पुस्तक मी किमान वीस वेळा वाचले असेल, पण ती शेळी मला कधीच दिसली नव्हती. रेवा आधी नुसतीच "खाते, खाते" म्हणत राहिली, मग तिने शेळीला "नाही हं" म्हणून दटावले, आणि मग मागच्या पानावर जाऊन शेळी तिथेही आहे का ते शोधू लागली. दहा मिनिटे त्यातच गेली आणि गोष्ट तशीच राहिली.

ती रमते याचा मला आनंदच होतो, पण मनात शंका येते. अशाने गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो हे तिला कसे समजणार? शिवाय, पुस्तकातली भाषा आमच्या घरातल्या बोलण्यापेक्षा वेगळी आहे. ती मी आमच्या पद्धतीने बदलून वाचली तर चालेल का? आणि भेट म्हणून आलेली इंग्रजी पुस्तके घरात पुष्कळ आहेत, ती इंग्रजीतूनच वाचावीत की मराठीतून सांगावीत? कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

बालवाडीताई (पालघर जिल्हा)

रेवाच्या आई, तुमच्या मुलीने शेळी पाहिली तेव्हा तिने वाचनात खंड पाडला नाही, ती वाचतच होती. चित्रपुस्तकात चित्र हे मजकुराची सजावट म्हणून आलेले नसते. गोष्टीचा अर्धा भाग शब्दांत असतो आणि अर्धा चित्रात, आणि चांगला चित्रकार शब्दांत सांगितलेले पुन्हा काढत बसत नाही. शेळीचा उल्लेख मजकुरात नाही, तो मुद्दाम नाही. ती मुलांनी शोधावी म्हणूनच कोपऱ्यात ठेवलेली आहे. तुमची नजर अक्षरांकडे होती म्हणून ती तुम्हाला दिसली नाही; रेवाला अक्षरे येत नाहीत म्हणून तिने पान नीट पाहिले. मागच्या पानावर जाऊन शेळी शोधणे म्हणजे तर "ही आधी कुठे होती?" असे विचारणे आहे. गोष्टीला आधी आणि नंतर असते, ही जाण तिच्यात येऊ लागल्याची ती खूणच समजा.

मी बावीस वर्षे बालवाडीत काम करते आहे. सुरुवातीची काही वर्षे मीही पुस्तक हातात उंच धरून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत असे आणि मुलांनी हाताची घडी घालून ऐकावे अशी अपेक्षा धरत असे. आमच्याकडच्या बहुतेक मुलांची घरची भाषा वारली आहे. एकदा मी एका ओढ्याचे चित्र दाखवत होते. त्यात एका दगडाआड खेकड्याची फक्त नांगी दिसत होती. वर्षभर वर्गात तोंड न उघडलेला एक मुलगा उठला, पुस्तकापाशी आला, आणि बांधातल्या बिळात हात कसा घालायचा, नांगी कुठून धरायची, चावला तर काय करायचे हे त्याने हातवारे करून सगळ्यांना सांगितले. खेकड्याला तो त्याच्या घरचा शब्द वापरत होता. त्या दिवशी मी "खेकडा म्हण" असे म्हणाले नाही, याचे मला आजही समाधान वाटते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभे केले, ते मुलांच्या अंगणात जाऊन, त्यांच्या ओळखीच्या पानाफुलांपासून सुरुवात करूनच केले. आमच्या जिल्ह्यातला हा वारसा चित्रपुस्तकालाही लागू पडतो असे मी मानते.

या विषयावर अभ्यासही झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये अमेरिकेत, रेवाच्याच वयाच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. दोन्ही गट घरी पुस्तके वाचतच होते. एका गटाला एवढेच शिकवले की मुलाला बोलते करणारे प्रश्न विचारा, ते जे म्हणेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणा, आणि त्याच्या बोलण्याला दाद द्या. चारच आठवड्यांनी या गटातली मुले बोलण्यात दुसऱ्या गटातल्या मुलांपेक्षा कितीतरी महिने पुढे गेलेली आढळली. रेवा "खाते" म्हणाली की तुम्ही "हो, शेळी कोथिंबीर खाते आहे, भाजीवालीला कळलंच नाही" असे म्हणालात, तर तिच्या एका शब्दाचे वाक्य होते. त्यानंतर थांबा. मनात पाच अंक मोजावेत इतके थांबा. मोठ्या माणसांना ही शांतता सोसत नाही आणि आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो. पण लहान मुलाला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतो.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगा. "हे काय? याचा रंग कोणता? किती आहेत?" असा प्रश्नांचा मारा सुरू झाला की पुस्तकाची परीक्षा होते. जे आपल्यालाही ठाऊक नाही ते विचारावे. "आता ती शेळी कुठे जाईल गं?" हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचे उत्तर माझ्याकडेही नसते.

आता भाषेविषयी. मजकूर बदलून सांगायला काहीच हरकत नाही, पण तो कायमचा बाजूला ठेवू नका. "तेवढ्यात", "हळूच", "इकडे पाहते तर काय", "एकाएकी" हे शब्द आपण स्वयंपाकघरात सहसा वापरत नाही. ते मुलांना गोष्टीतूनच मिळतात. मी पहिल्यांदा चित्रांवर मनसोक्त बोलू देते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मजकूर जसाच्या तसा वाचते. पुन्हा पुन्हा येणारे वाक्य असेल तर ते अर्ध्यावर सोडते आणि मुले ते पुरे करतात. एकच पुस्तक महिनाभर मागितले तरी ते आनंदाने वाचावे, कारण पुढे काय येणार हे माहीत असण्यातच या वयाच्या मुलांना सुख असते.

राइनकाठी (जर्मनी)

इंग्रजी पुस्तकांबद्दल आमचा अनुभव सांगतो. आमच्याकडे जर्मन पुस्तके ढीगभर आहेत. आम्ही प्रत्येक पुस्तक आधी निवांत बसून मराठीत लिहून काढतो आणि त्या ओळी कागदाच्या पट्टीवर लिहून, सहज निघेल अशा चिकटपट्टीने त्या त्या पानावर लावतो. ऐनवेळी भाषांतर केले की रोज वाक्य बदलते आणि तीन वर्षांचा मुलगा "काल असं नव्हतं" म्हणून अडवतो. ज्या पुस्तकाचा सगळा प्राण यमकांत आहे ते मात्र मूळ भाषेतच वाचतो, कारण त्याची मराठी करायला गेले की हाती फक्त अर्थ उरतो.

जुना जुळारी (पुणे)

मी आयुष्यभर छपाईच्या आणि पुढे भाषांतराच्या कामात होतो, म्हणून पुस्तक घडते कसे यावर थोडे सविस्तर लिहितो. पुस्तक निवडताना त्याचा उपयोग होईल.

चित्रपुस्तके बहुधा 16, 24 किंवा 32 पानांची असतात. मोठा कागद छापून त्याच्या घड्या घातल्या की पाने आठाच्या किंवा सोळाच्या पटीत पडतात, त्याला आम्ही फॉर्मा म्हणतो. एवढ्या थोड्या पानांत गोष्ट बसवायची असल्याने पान उलटण्याची जागा ही चित्रपुस्तकाच्या लेखकाची सर्वांत मोलाची जागा असते. डाव्या पानावर कुतूहल निर्माण करायचे, उजव्या पानाच्या शेवटी श्वास रोखायला लावायचा आणि पान उलटताच तो सोडवायचा. रेवा घाईने पान उलटते ती कदाचित या क्षणासाठीच उलटत असेल.

भाषांतरात नेमकी इथेच गफलत होते. इंग्रजीत अशा वाक्यात क्रियापद कर्त्याच्या आधी आणता येते, म्हणून "पलंगाखाली होते" एवढे म्हणून वाक्य थांबवता येते आणि पान उलटल्यावर "मांजर" म्हणता येते. मराठीत क्रियापद शेवटी येते. सरळ भाषांतर केले तर "पलंगाखाली मांजर" हे आधीच फुटते आणि पुढच्या पानावर फक्त "होते" उरते. जाणता भाषांतरकार इथे वाक्यच मोडतो: "पलंगाखाली कोण बरं लपलं होतं?" आणि पान उलटल्यावर "मनीमाऊ!" पुस्तक विकत घेण्यापूर्वी अशी दोन-तीन वळणे मोठ्याने वाचून पाहावीत. जीभ अडखळली तर समजावे की भाषांतर शब्दांचे झाले आहे, गोष्टीचे नाही.

रंगीत छपाई महाग पडते. म्हणून अनेक भाषांत पुस्तके काढणारे प्रकाशक चित्रांचे रंग सर्व भाषांसाठी एकदमच छापून घेतात आणि मजकुराची काळी प्लेट (छपाईचा पत्रा) तेवढी भाषेगणिक बदलतात. त्यामुळे अशा पुस्तकांतला मजकूर बहुतेक वेळा काळ्याच शाईत आणि चित्राबाहेरच्या मोकळ्या जागेत असतो. त्या जागेत मराठी वाक्य मावावे म्हणून ते कापले जाते किंवा अक्षर बारीक केले जाते, आणि बारीक अक्षरात जोडाक्षरे गुदमरतात. म्हणूनच मुळात मराठीत विचार करून केलेली पुस्तके मला अधिक मोलाची वाटतात. माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत शब्द आणि चित्र एकमेकांची जागा अडवत नाहीत. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली त्यांची 'राधाचं घर' ही पुस्तके रेवाच्या वयाला अगदी योग्य आहेत. त्यांच्या बालसाहित्यातील एकूण योगदानासाठी साहित्य अकादमीने 2014 मध्ये त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. ही पुस्तके मराठी घराघरांत असायला हवीत, असे मी मनापासून म्हणतो.

तुम्ही बेंगळुरूला आहात, तेव्हा याच बहुभाषी छपाईचा एक फायदाही करून घ्या. 2004 मध्ये सुरू झालेली प्रथम बुक्स ही संस्था तुमच्याच शहरात आहे. तिने 2015 मध्ये स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सुरू केले. तिथे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतली पुस्तके मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात आणि ती घरी छापूनही घेता येतात. चेन्नईची तूलिका आणि दिल्लीची नॅशनल बुक ट्रस्ट या प्रकाशन संस्थांचीही अनेक पुस्तके मराठीसह कितीतरी भाषांत निघतात. एकाच पुस्तकाची मराठी प्रत घरी ठेवा आणि कन्नड प्रत पाळणाघरात द्या. चित्रे तीच, भाषा दोन. मराठीची काळजी करणाऱ्या पालकांना हे उलटे वाटेल, पण मुलीला एका चित्राला दोन नावे मिळाली म्हणून मराठी नाव पुसले जात नाही.

ठाणेकर आजी

वरील सर्वांशी सहमत आहे. एकच भर घालते. मराठी चित्रपुस्तके बहुधा पातळ असतात, मधोमध पिना मारलेल्या असतात आणि त्यांना कणा नसतो. कपाटात उभी लावली की ती दिसेनाशी होतात आणि मूल ती मागत नाही. मी नातवासाठी त्याच्या छातीच्या उंचीवर दोन खिळ्यांना दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी सहा पुस्तके मुखपृष्ठ समोर येईल अशी टांगली. दर रविवारी त्यातली दोन बदलते. फाटलेले पान त्याच्यासमोरच, त्याला चिकटपट्टी धरायला लावून जोडते. पुस्तक फाटेल म्हणून ते उंचावर ठेवण्याला माझा सक्त विरोध आहे.

रेवाची आई (बेंगळुरू)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे.

बाजाराच्या त्याच पुस्तकाची कन्नड प्रत मिळाली, ती मी पाळणाघरातल्या मावशींना दिली. त्यांनाही शेळी आधी दिसली नव्हती. रेवानेच त्यांना दाखवली. परवा रात्री मी पान उघडून गप्प बसले. पाच अंक मोजून झाले तरी ती काही बोलेना, आणि मी वाचायला सुरुवात करणार एवढ्यात तिने शेळीवर बोट ठेवले, "मेके" म्हणाली, माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि मग मला समजावे म्हणून सावकाश "शेळी" असे म्हणाली. बालवाडीताईंचा प्रश्न मी तिला विचारला की आता ही शेळी कुठे जाईल. ती बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आजीच्या पिशवीत."

आजीच्या पिशवीतून खरोखरच कोथिंबिरीची एक काडी बाहेर डोकावते आहे. तीही मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली.