ठणका, कळ, चमक, शिणक : फोनवर दुखणं सांगताना

डोंबिवलीकर :
२०२० साली टाळेबंदी लागली आणि माझी जुनी कंबरदुखी डॉक्टरांच्या हाताला लागेनाशी झाली. २३ मार्चपासून लोकल बंद. १५ जूनला सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी, आम्हां बाकीच्या बायकांना ठरावीक वेळांतला प्रवास मिळाला तो थेट ऑक्टोबरमध्ये, सरसकट सगळ्यांना तर फेब्रुवारी २०२१ मध्ये. तोवर तपासणी फोनवर. पूर्वी डॉक्टर मणक्यावर बोट दाबायचे, मी "आई गं" म्हणायचे, झालं काम. फोनवर ते विचारायचे, "ठणकतंय, चमक निघते, की नुसतं भरून आल्यासारखं वाटतं?" मला 'दुखतंय'च्या पुढे शब्दच सुचायचा नाही. तुमच्याकडे हे शब्द कसे वापरतात?
आणखी एक. घरचे सारखे म्हणायचे, "अंगावर काढू नकोस." दवाखानाच बंद असेल तर त्याला अंगावर काढणं म्हणायचं का?

फिजिओथेरपिस्ट :
ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर लागतो. किडलेली दाढ, पिकलेलं बोट. आत सूज किंवा पू असला की ठणकतं. चमक क्षणाची, पण वाट धरून जाणारी. कमरेतून निघून पोटरीपर्यंत गेली की नस दबल्याची शंका येते. सणक तिची सख्खी बहीण. आग, भगभग, मुंग्या हे शब्दही बहुधा नसेकडेच बोट दाखवतात. कळ चढते, उतरते, पुन्हा चढते, म्हणून पोटात कळ आणि बाळंतपणाच्या कळा.
हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून वेदनेची प्रश्नावली मांडली. तिच्यात ७८ शब्द आहेत, आपल्याला लागू पडतील त्यांवर रुग्णाने खूण करायची. टाळेबंदीत आम्ही फोनवर "दहापैकी किती दुखतं?" विचारायचो. "सात" ऐकून फारसं काही हाती लागत नसे. "खाली वाकले तेव्हा सणक गेली, आता नुसतं ठुसठुसतंय" असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न सुचायचा.
पण शब्दांवरून घरच्या घरी निदान करू नका. कमरेच्या दुखण्यात पायातला जोर गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर फोन ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा, टाळेबंदी असो की नसो.

सांगलीची माहेरवाशीण :
क्रियापदं बघा ना! कळ येते, चमक निघते, उसण भरते, तिडीक उठते, पेटका येतो. सगळी पाहुण्यासारखी, आली म्हणजे जाणार. जे दुखणं सकाळी डोळे उघडायच्या आधी हजर असतं आणि रात्री कूस बदलू देत नाही, त्याला असं सुटसुटीत नाव मला तरी सापडलेलं नाही. 'जुनाट दुखणं' म्हटलं की अडगळीतल्या ट्रंकेचा वास येतो, आणि 'दीर्घकालीन वेदना' हे फाइलवर लिहायला ठीक, सासूबाईंना काय सांगणार? म्हण तरी काय, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. आमचं मुंगीच्या पावलांनी आलं आणि गेलंच नाही. मग 'रोज मरे त्याला कोण रडे' ही दुसरी म्हण लागू होते.
त्या वर्षी आमच्या घरात दोन शब्दांना ऊत आला होता. नवरा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून दिवसभर बसायचा, त्याच्या पाठीला 'रग लागायची'. मला भांडीवाल्या मावशींची सुट्टी, त्यामुळे माझं अंग 'आंबून जायचं'. रग उठून फिरलं की जाते. आंबलेलं अंग रात्रभर झोपूनही उतरत नाही.

वऱ्हाडी :
आमच्याकडे 'कंबर दुखून राह्यली' म्हणतात बाई. त्या 'राह्यली'मध्ये थांबत नाही हे येऊन गेलं. वेगळं नाव पाहिजेच कशाला?

सांगलीची माहेरवाशीण :
हे मानलं. 'दुखतेय'पेक्षा 'दुखून राह्यली'चा मुक्काम मोठा आहे.

आमवातवाली :
मला 'अंगावर काढणे'बद्दल बोलायचंय. मार्च २०२० च्या शेवटी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) कोरोना रुग्णांची देखभाल करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन प्रतिबंधक म्हणून सुचवलं, आणि ज्यांना गरज नव्हती तेही दुकानात धावले. आमवाताची, ल्युपसची (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) माणसं याच गोळीवर वर्षानुवर्षं असतात. मी चिठ्ठी घेऊन चार दुकानं फिरले, मिळाली ती अर्धी पट्टी. सकाळी बोटं आखडलेली, दुधाची पिशवी कापता येत नव्हती. हे मी अंगावर काढलं का? माझ्या अंगावर आलं म्हणा.
आणि 'अंग दुखतंय' म्हणायचीही चोरी. नेहमीचं अंग दुखलं तरी घरातले ऑक्सिमीटर घेऊन हजर. मग मी शब्द वाटून घेतले. 'सांधे धरलेत' म्हणजे माझं रोजचं, 'कणकण आहे' किंवा 'अंगात कसर आहे' म्हणजे खरंच थर्मामीटर आणा. घरात निदान आरडाओरडा तरी थांबला. शेजाऱ्यांना मात्र दोन्ही सारखंच.

शब्दकोशप्रेमी :
'काढणे'वर अन्याय होतोय. दिवस काढले, रात्र बसून काढली, आजारपण काढलं, 'जरा कळ काढ'. या सगळ्यांत काढणे म्हणजे सोसत वेळ पार करणे. 'अंगावर काढणे' म्हणजे औषधपाण्याशिवाय तेच. औषध टाळलं की मिळालंच नाही, हे क्रियापद सांगतच नाही. 'काढू नकोस' असं आज्ञार्थी केलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आपणच हौसेने केलं. आमवातवाली ताईंनी 'अंगावर काढावं लागलं' म्हणावं, 'लागलं'ने हिशेब चुकता होतो.

आमवातवाली :
चालेल. पण घरचे 'लागलं' गाळूनच ऐकतात.

फिजिओथेरपिस्ट :
त्यांना एक सांगा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुलै २०२० मध्ये, म्हणजे ऐन साथीत, आपली १९७९ ची व्याख्या सुधारली. सोबतच्या टिपांमध्ये आहे की माणूस दुखतंय म्हणतो तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा, आणि सांगता आलं नाही म्हणून दुखत नाही असं समजू नये. डोंबिवलीकर, तुमच्या 'आई गं'लाही जागा आहे.

डोंबिवलीकर :
आभार सगळ्यांचे. शिणक मात्र राहिलीच. आमच्याकडे मान वाकडी झाली की 'शिणक भरली'.

सांगलीची माहेरवाशीण :
ती उसण! शिणक त्याहून हलकी, बरगडीखाली श्वास घेताना टोचते ती.

वऱ्हाडी :
दोघींचंही चूक. शिणक दाताले येते.