तीमथ्याविषयीचे संदेश आणि त्याची सेवा : आधी काय होते?

तापीकाठ, शहादा

सर्वांना सलाम. विषय माझ्या बहिणीच्या मुलाचा आहे, परंतु उत्तर मला पवित्र शास्त्रातून आणि पहिल्या मंडळ्यांच्या इतिहासातून हवे आहे, म्हणून येथे विचारते. मुलगा पंचविशीच्या आतला आहे. तो एका कृषी केंद्रात कामाला होता आणि मंडळीत शब्बाथशाळेच्या लहान मुलांचा वर्ग घेत असे. कापसाची वेचणी उरकल्यावर आमच्या भागात जी वार्षिक सभा भरते, तिच्यात बाहेरगावाहून आलेल्या एका वक्त्याने भर मंडपात त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले की, देवाने तुला अनेक जिल्ह्यांचा सेवक होण्यासाठी निवडले आहे. त्यानंतर त्याने दुकानाची नोकरी सोडली आणि मुलांचा वर्गही सोडला. पाळकसाहेबांनी त्याला आधी बायबलचे रीतसर शिक्षण घेण्यास सुचवले, पंच कमिटीने तरुण संघाचे काम सांभाळून दाखव असे म्हटले, आणि त्या दोन्ही सूचनांना त्याचे एकच उत्तर आहे : १ तीमथ्य ४:१४. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला कृपादान, म्हणजे सेवेसाठीची देवाची देणगी, संदेशाच्या (कोणाच्या तोंडून आलेल्या देवाच्या शब्दाच्या) द्वारे मिळाले, त्याची कोणी परीक्षा घेतली नाही, मग माझी का घेता, असे तो विचारतो. माझी बहीण तर देवाच्या माणसाचा शब्द खाली पडू देऊ नये म्हणून त्याच्याच बाजूने उभी आहे.

माझा प्रश्न असा की, पहिल्या शतकात सेवक खरोखरच संदेशावरून नेमले जात असत काय, आणि ज्याच्याविषयी असा संदेश झाला त्याच्याकडून आधी किंवा नंतर काही अपेक्षा असे काय?

निवृत्त शब्बाथशिक्षक, अमळनेर

ताई, सप्रेम सलाम. तुमच्या भाच्याने वचन योग्य तेच काढले आहे, मात्र त्याने ते एकटेच वाचले आहे.

संदेशावरून माणसे सेवेसाठी वेगळी केली जात असत, हे आधी मान्य केले पाहिजे. १ तीमथ्य १:१८ मध्ये पौल तीमथ्याविषयी पूर्वी झालेल्या संदेशांची आठवण देतो आणि ४:१४ मध्ये त्याच संदेशाबरोबर वडीलवर्गाच्या हस्तार्पणाचा उल्लेख करतो. म्हणजे तेथे फक्त वाटसरू वक्ता आणि एक तरुण असे दोघेच नव्हते. ज्यांना पुढे त्याच्याबरोबर राहायचे होते अशा जबाबदार वडिलांचा वर्ग हात ठेवण्यास हजर होता. आता त्याच्या मागे जाऊन प्रेषितांची कृत्ये १६:१-२ वाचावे. पौल लुस्त्रात आला तेव्हा तीमथ्य आधीच शिष्य होता, आणि लुस्त्र व इकुन्या या दोन्ही गावांतले बंधू त्याच्याविषयी चांगले बोलत होते. त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाचा उल्लेख दुसऱ्या पत्रात आहे. पौलाने त्याला बरोबर घेतले ते अशी साक्ष कानांवर आल्यावर. त्याची परीक्षा कोणी घेतली नाही हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. दोन गावांनी ती घेतलेली होती.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती सहसा कोणी लक्षात घेत नाही. फिलिप्पैच्या मंडळीकडे तीमथ्याला पाठवण्याचा विचार पौल कळवतो तेव्हा त्याच्याविषयी झालेल्या संदेशाचा तो एका शब्दानेही उल्लेख करीत नाही. फिलिप्पै २:२०-२२ मध्ये तो इतकेच सांगतो की, तुमची इतकी मनापासून काळजी करणारा दुसरा माझ्याजवळ कोणी नाही, हा कसोटीस उतरलेला आहे हे तुम्हांला ठाऊक आहे, आणि मुलाने बापाबरोबर खपावे तसा तो सुवार्तेसाठी माझ्याबरोबर खपला आहे. करिंथकरांना लिहिताना (१ करिंथ ४:१७ आणि १६:१०-११) हीच रीत आहे : हा विश्वासू आहे, प्रभूचे काम करतो, त्याला कोणी तुच्छ मानू नये. संदेशाची आठवण पौलाने दिली ती तीमथ्याला, तीही त्याच्या नावाने लिहिलेल्या पत्रात, आणि कशासाठी, तर सुयुद्ध करताना त्याचा हात ढिला पडू नये म्हणून. मंडळ्यांपुढे मात्र त्याचे कामच ठेवले. तुमचा भाचा नेमके याच्या उलट करीत आहे, असे मी स्पष्ट म्हणेन. जे स्वतःला बळ देण्यासाठी मिळाले ते तो पंच कमिटीपुढे दाखल्यासारखे धरतो आहे.

आणि ते काम तरी कसले होते? छळाच्या दिवसांत थेस्सलनीकेकरांना धीर देऊन त्यांची खबर घेऊन येणे, भांडणाऱ्या करिंथात जाणे, इफिसात राहून चुकीच्या शिक्षणाला आवर घालणे. २ तीमथ्याच्या शेवटी पौल त्याला सांगतो की, त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला माझा झगा आणि पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे घेऊन ये, आणि हिवाळ्यापूर्वी ये. ज्याच्याविषयी संदेश झाले होते त्याला म्हाताऱ्या कैद्याचा झगा आणायचा निरोप मिळतो, आणि तो त्याच पत्रात मिळतो ज्यात कृपादान प्रज्वलित कर असे सांगितले आहे.

राहिला घाईचा प्रश्न. ज्या पत्राचा आधार तो घेतो त्याच पत्रात ३:६ मध्ये नवशिक्याला अध्यक्ष करू नये, ३:१० मध्ये सेवकांची प्रथम पारख व्हावी, आणि ५:२२ मध्ये हात ठेवण्याची घाई करू नको, असे लिहिले आहे. त्याला पत्र सबंध वाचायला सांगा. सहाच अध्याय आहेत, अर्ध्या तासाचे काम आहे.

पांझराकाठ, धुळे

वरच्या उत्तरात अंत्युखिया शहरातील मंडळीचा भाग यायला हवा होता, कारण संदेश आणि सेवा यांची सांगड तेथे अगदी स्पष्ट दिसते. कृत्ये ११ मध्ये अगब नावाचा संदेष्टा मोठा दुष्काळ पडणार असे सुचवतो. तो रोमी सम्राट क्लौद्य याच्या कारकिर्दीत, म्हणजे इ. स. ४१ ते ५४ या काळात पडला. यहूदियातील या दुष्काळाचे वर्णन योसेफस या यहुदी इतिहासकारानेही केले आहे : अदियाबेने या राज्याची राणी हेलेना हिने अलेक्झांड्रियाहून धान्य आणि सायप्रसहून सुके अंजीर विकत आणवून यरुशलेमेत वाटले. दुष्काळाचा संदेश ऐकून अंत्युखियाच्या शिष्यांनी काय केले, तर प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली आणि ती बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती यहूदियातील वडिलांकडे पाठवली. हेच दोघे तेथे वर्षभर शिकवीत होते, हेच दोघे मंडळीचा पैसा घेऊन गेले आणि काम पुरे करून परत आले. त्यानंतर १३ व्या अध्यायात, उपास व उपासना चालू असताना, बर्णबा व शौल यांना वेगळे करा असा आत्म्याचा शब्द येतो. त्या खोलीत पाच संदेष्टे व शिक्षक होते. शब्द आल्यावरही त्यांनी पुन्हा उपास केला, प्रार्थना केली, हात ठेवले आणि मग त्यांना निरोप दिला.

ताई, तुमच्या पंच कमिटीला उपयोगी पडेल असे आणखी एक जुने ख्रिस्ती लिखाण आहे. ते ‘दिदाखे’ या नावाने ओळखले जाते आणि पुष्कळ अभ्यासक त्याचा काळ पहिल्या शतकाचा शेवट किंवा दुसऱ्याचा आरंभ असा धरतात. हे लिखाण शतकानुशतके हरवलेले होते. फिलोथेओस ब्रिएन्निओस या ग्रीक धर्मगुरूंना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे १०५६ साली उतरवलेली एक हस्तलिखित प्रत सापडली आणि त्यांनी ते १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. गावोगाव फिरणारे प्रेषित आणि संदेष्टे दाराशी आले तर मंडळीने काय करावे, याचे नियम त्याच्या ११ ते १३ या प्रकरणांत आहेत, आणि ते वाचताना आपल्याच तालुक्यातील कोणा अनुभवी पंचाने लिहिले असावेत असे वाटते. पाहुण्याचे प्रभूसारखे स्वागत करावे, पण त्याने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्यात असताना पंगत मांडायला सांगून जो स्वतःच तिच्यावर जेवतो तो खोटा. सत्य शिकवतो पण तसे वागत नाही तोही खोटा. मात्र दुसऱ्या गरजवंतांसाठी मागत असेल तर त्याला कोणी दोष लावू नये.

यात एक बारकावा आहे. आत्म्याने बोलत असलेल्या संदेष्ट्याची परीक्षा घेऊ नका, असेही तेच लिखाण सांगते. बोलण्याच्या घटकेला त्याला अडवायचे नाही. त्याची चालचलणूक मात्र पाहायची. मंडपात त्या वक्त्याला कोणी टोकले नाही यात तुमच्या मंडळीची चूक झाली असे मला वाटत नाही. पारख नंतर व्हायची असते, आणि ती अजूनही करता येईल.

१५ व्या प्रकरणात तर अध्यक्ष आणि सेवक निवडा, ते सौम्य, निर्लोभी, खरे आणि पारखलेले असावेत, तेही तुमच्यासाठी संदेष्ट्यांचे व शिक्षकांचेच सेवाकार्य करतात म्हणून त्यांना तुच्छ लेखू नका, असे बजावले आहे. यावरून एवढे अनुमान काढता येते की, त्या काळीही बाहेरून येणाऱ्या तेजस्वी वक्त्यापुढे गावातला रोजचा सेवक लोकांना फिका वाटत असावा.

इतिहासाचा विद्यार्थी, जळगाव

एक दुरुस्तीवजा भर घालतो. तीमथ्याला लिहिलेली दोन पत्रे आणि तीताचे पत्र पौलाने स्वतः लिहिली, ही परंपरागत समजूत आहे. आधुनिक अभ्यासकांपैकी पुष्कळांच्या मते ती पौलाच्या एखाद्या शिष्याने नंतरच्या काळात लिहिली. दुसरे मत धरले तर मुद्दा उलट बळकट होतो, कारण मग पुढच्या पिढीलाही संदेश, हस्तार्पण आणि पारख ही तिन्ही एकत्र ठेवावीशी वाटली असा त्याचा अर्थ होतो. ही सांगड सुटली तेव्हा वाद झाला. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रुगियात (आजच्या तुर्कस्तानातील एका प्रदेशात) माँतानुस, प्रिस्किल्ला आणि माक्सिमिल्ला यांनी नव्या संदेशांची चळवळ सुरू केली, तिच्यावरून मंडळ्या दुभंगल्या, आणि कार्थेजचा तेर्तुल्लियन याच्यासारखा मोठा लेखक पुढे तिच्याकडे वळला. संदेशाला सरसकट नाकारणे हा त्यावरचा उपाय होता असे मात्र मी म्हणणार नाही. १ थेस्सल ५:१९-२१ दोन्ही गोष्टी एका दमात सांगते : संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा.

तापीकाठ, शहादा

सर्वांचे आभार. फिलिप्पैचा मुद्दा मी त्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण वही मागून घेतली. बहिणीची अडचण वेगळी आहे. ती म्हणते, परीक्षा घेतली आणि शब्द देवाचाच निघाला तर आपण देवाच्या आड आलो असे होईल. तिला काय सांगावे? आणि तिला आता पुन्हा त्या वक्त्याकडे जाऊन पुढचे विचारायचे आहे, म्हणजे कोणत्या महिन्यात, कोणत्या गावी सुरुवात करावी हे.

नवापूरकर पंच

बाई, शेवटच्या वाक्याने मला लिहायला बसवले. आमच्या भागातील जुनी माणसे काही अडले की भगताकडे जात, दाणे मांडून विचारीत, आणि अंगात आलेल्याच्या तोंडून उत्तर घेत. तुमच्या बहिणीची श्रद्धा मी हलकी समजत नाही, परंतु वक्त्याकडे जाऊन महिना आणि गाव विचारणे ही तीच रीत आहे, फक्त मंडप बदलला. रोमेतील हर्मास नावाच्या ख्रिस्ती लेखकाने दुसऱ्या शतकात यावरच लिहिले आहे. त्याच्या अकराव्या आज्ञेत विश्वासू लोक बाकावर आणि खोटा संदेष्टा खुर्चीवर बसलेला दिसतो, डळमळीत मनाचे लोक त्याच्याकडे येऊन आपले पुढे काय होणार ते विचारतात, तो त्यांच्या मनाजोगते सांगतो आणि मोबदला घेतो. खरा संदेष्टा विचारल्यावर उत्तर देत नाही, देवाची इच्छा होते तेव्हाच बोलतो, असे हर्मास सांगतो.

देवाच्या आड येण्याची भीती घालवायला कृत्ये २१ पुरे आहे. कैसरियात पौल फिलिप्पाच्या घरी उतरला होता. हा फिलिप्प यरुशलेमेत विधवांच्या पंगतीचे काम पाहण्यासाठी निवडलेल्या सातांपैकी एक होता, आणि आता त्याच्या चार मुली संदेश देणाऱ्या होत्या. तेथे अगब आला, त्याने पौलाचा कमरबंद घेऊन आपलेच हातपाय बांधले आणि ज्याचा हा कमरबंद आहे त्याला यरुशलेमेत असेच बांधतील, असे सांगितले. ऐकणाऱ्या सर्वांनी, त्यात पौलाचे सोबतीही आले, रडून विनवले की जाऊ नको. पौल गेला. संदेश खोटा आहे असे तो म्हणाला नाही, आणि लोकांनी संदेशातून काढलेला निष्कर्षही त्याने मानला नाही. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी जमवलेली मदत पोचवणे हे हातात घेतलेले काम होते (रोम १५:२५-२६ पाहा), ते त्याने सोडले नाही. शेवटी सर्वांनी प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो म्हणून गप्प राहणे पत्करले, आणि यात कोणी देवाच्या आड आले असे कृत्यांचा लेखक लूक लिहीत नाही.

आमच्या मंडळीत असे प्रसंग येतात तेव्हा आम्ही १ करिंथ १४:२९ प्रमाणे करतो. मुलाला ओळखणारी दोनतीन वडील माणसे, त्यांत एक तरी नात्याबाहेरची, त्याच्याबरोबर बसतात, झालेला शब्द आठवेल तसा कागदावर उतरवून घेतात, आणि प्रार्थना करून वर्षभराने पुन्हा बसायचे ठरवतात. तोवर तो जे करीत होता ते चालू ठेवतो. तुमच्या भाच्याच्या बाबतीत दुकानाचे काय करायचे ते घरच्यांनी ठरवावे, परंतु मुलांचा वर्ग त्याने येत्या रविवारी परत घ्यावा, कारण तो सोडायला त्या वक्त्यानेही सांगितलेले नव्हते. तुम्ही लिहिलेल्या शब्दांत तरी तसे काही नाही.